बाटलीवर आधी गाव बघा, मग शेतकऱ्याचं नाव

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये मुलाकडे फ्रान्सला, लिऑनला चाललोय. येताना चांगल्या रेड वाईनच्या बाटल्या आणायच्यात. मुलगा म्हणतो घ्यायची तर बरगंडी भागातलीच घ्या, पण ऑनलाइन किमती बघून धस्स झालं. छोट्या उत्पादकाची, खरंच चांगली वाईन दुकानात उभं राहून ओळखायची कशी? आणि आमच्याकडे रविवारी तांबडा रस्सा असतो, त्यासोबत काय जाईल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिऑनला जाताय म्हणजे अर्धं काम झालंच, कारण शहरातून उत्तरेला निघालं की गाडीने तासाभरात बोजोलेच्या टेकड्या लागतात, आणि मला विचाराल तर फ्रान्समध्ये पैसे वसूल करणारी रेड आज तिथेच आहे. आता बोजोले म्हटलं की लोकांना ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी नूव्हो, म्हणजे त्याच वर्षीची कोवळी वाईन आठवते, ती नाही घ्यायची. तुम्ही दुकानात 'क्रू' मागा, म्हणजे बोजोलेतल्या खास दर्जाच्या ठिकाणाच्या नावाने विकली जाणारी वाईन. बोजोलेच्या उत्तर भागात, ग्रॅनाइटच्या जमिनीत असे 10 क्रू आहेत, मॉर्गों, फ्लरी, मुलँ-आ-वाँ, ब्रुयी, शिरुब्ल वगैरे. लेबलवर हेच नाव मोठं असतं, 'बोजोले' हा शब्द बऱ्याचदा नसतोच, म्हणून आपण बोजोले शोधत बसतो आणि चांगली बाटली समोर असून हाताला लागत नाही.

द्राक्ष सगळीकडे एकच, गामे. 1395 मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने फर्मान काढून ही वेल आपल्या मुलखातून उपटायला लावली होती, पिनो न्वार या बरगंडीच्या नावाजलेल्या द्राक्षाच्या जागी ही हलकी वेल नको म्हणून. पण बरगंडीच्या दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटमध्ये तिचं सोनं झालं. मी मॉर्गोंच्या कोत द्यू पी टेकडीवर गेले होते तेव्हा आधी बाग ओळखूच आली नाही, आपल्याला निफाड-दिंडोरीकडचे मांडव आणि तारा बघायची सवय ना, तिथे जुन्या बागेत मांडव नाही तार नाही, गुडघ्याएवढं वाकडं खोड आणि त्यातून चार-पाच फांद्या पेल्यासारख्या वर आलेल्या, खाली निळसर ठिसूळ दगड, पायाने दाबला तर फुटतो असा. अशा बागेत मशीन चालत नाही, हाताने तोडायचं, आणि मग घडच्या घड न चिरडता टाकीत. खालचे मणी वरच्या वजनाने फुटतात, फसफसायला लागतात, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर भरतो आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतच आंबायला सुरुवात होते. त्यातूनच तो चेरीसारखा ताजा वास येतो आणि जिभेला कोरडं करणारं टॅनिन कमी राहतं.

तिखटासोबत हे टॅनिन कमी असणं फार महत्त्वाचं आहे बरं का. जड, टॅनिनवाली, जास्त अल्कोहोलची रेड तांबड्या रश्श्यासोबत घेतली तर तिखट दुप्पट भडकतं. फ्लरी किंवा शिरुब्ल घ्या, फ्रिजमध्ये गार करून, 13-14 डिग्रीला. सुक्या मटणासोबत मॉर्गों, ती जरा भरीव असते. मुलँ-आ-वाँ मात्र लगेच उघडू नका, चांगल्या वर्षाची असेल तर दहा वर्षं सहज टिकते आणि मुरली की पिनोच्या जवळ जाते.

आता छोटा उत्पादक कसा ओळखायचा. लेबलच्या खालच्या बारीक अक्षरात 'मीझ-आं-बुतेय ओ दोमेन' लिहिलंय का बघा, म्हणजे ज्याची बाग त्यानेच बाटली भरली. नेगोसियां म्हणजे अनेकांकडून द्राक्षं किंवा तयार वाईन घेऊन स्वतःच्या नावाने विकणारा व्यापारी, त्यांच्यातही चांगले आहेत पण तुम्हाला हवाय शेतकरी. 'व्हिएय व्हिन्य' म्हणजे जुन्या वेली, या शब्दाला कायद्याने वयाची अट नाहीये, त्यामुळे त्यावर जास्त पैसे देऊ नका. मॉर्गोंमध्ये मार्सेल लापिएर (ते 2010 मध्ये गेले, बाग घरचेच बघतात) आणि जाँ फोइयार ही नावं लक्षात ठेवा, रासायनिक फवारणी बंद, यीस्ट द्राक्षावरचंच आणि वाईन टिकवायला घालतात ते सल्फर अगदी नावाला, हा रस्ता या लोकांनी तिथे घालून दिला. ती नाही मिळाली तर दुकानदाराला सांगा की मॉर्गोंचा लहान शेतकरी द्या, 15 ते 25 युरोत हमखास चांगलं मिळतं.

बरगंडीचं म्हणाल तर तिथे आपल्यासारखीच भाऊवाटणी झालीय. नेपोलियनच्या वारसा कायद्याने सगळ्या मुलांना सारखा हिस्सा, त्यामुळे मळ्यांचे तुकडे होत गेले. क्लो द वुजो हा जेमतेम 50 हेक्टरचा मळा आज 80च्या आसपास मालकांत वाटला गेलाय. नाव सगळ्यांच्या बाटलीवर तेच आणि वाईनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून मालक माहीत नसेल तर नुसत्या मोठ्या नावावर शंभर-दोनशे युरो घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कस्टम्समध्ये माणशी 2 लिटरची सूट आहे, म्हणजे 750 मिलीच्या माणशी 2, दोघांच्या मिळून 4 बाटल्या. चेक-इन बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून.

प्रश्न : पुण्यातल्या एका दुकानातून महागाची इम्पोर्टेड रेड आणली, बूच थोडं वर आलेलं होतं आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी. वाईनच अशी असते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही हो, ती बाटली तापलीय. कंटेनरमध्ये, गोडाउनमध्ये किंवा काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात राहिली की आतली वाईन प्रसरण पावते, बूच वर ढकललं जातं, कधी कडेने चिकट ओघळही दिसतो. शेतकऱ्याने वर्षभर राबून केलेली वस्तू अशी वाया गेलेली बघून जीव तुटतो. घेतानाच बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा, बूच काठाच्या वर लागलं तर घेऊच नका. आणि एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या दुकानातून महागडी रेड नकोच. उरलेली बाटली बूच लावून बिलासकट परत घेऊन जा, बदलून मागा.