मत्तयाचे शुभवर्तमान शिकायचे तर आधी ग्रीक

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपली कन्या इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत तिने संस्कृत घेतले होते आणि आता तिला मत्तयाचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातील (ख्रिस्ती भागातील) येशूचे एक चरित्र, त्याच्या यहुदी पार्श्वभूमीवर अभ्यासायचे आहे. आपले घर ख्रिस्ती नसल्याने तिला प्रवेश मिळेल का आणि पुढे पोटापाण्याचे काय, असे आपण विचारले आहे.

पहिली शंका मनातून काढून टाकावी. या विषयातील नामवंत अभ्यासक एमी-जिल लेव्हाइन स्वतः यहुदी आहेत आणि त्यांनी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अनेक वर्षे नवा करार शिकवला आहे. विद्यापीठातील प्रवेश सहसा धर्मावर ठरत नाही. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरींत मात्र बहुधा चर्चचे शिफारसपत्र लागते, म्हणून तिने विद्यापीठाचीच वाट धरावी.

हा अभ्यास नेमका कसा असतो, हे आपणही पाहावे. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मांडली आहे. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असते आणि इस्राएलचा राजा दावीद याच्या नावातील दालेत, वाव, दालेत या अक्षरांची बेरीज ४ + ६ + ४ म्हणजे १४ होते. त्यामुळे ही मांडणी दावीदाकडे बोट दाखवते, असे अनेक अभ्यासक मानतात. नवव्या अध्यायातील आजारी स्त्री येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते, तो गोंडा जुन्या करारातील (यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रातील) गणना या पुस्तकात इस्राएलांना वस्त्राच्या टोकांना लावण्यास सांगितलेला आहे, हे ठाऊक नसेल तर येशू यहुदी रीतीने राहत होता ही खूण वाचकाच्या नजरेतून निसटते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा ग्रंथ इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडल्यानंतर लिहिला गेला, आणि परूशी या यहुदी धर्मपंथावरील त्याची कठोर टीका घरातल्या भांडणासारखी वाचावी की घर सोडून गेलेल्याच्या रागासारखी, यावर आजही वाद आहे.

असा वाद मूळ भाषा न येता घालता येत नाही. ग्रंथ ग्रीकमध्ये आहे, आधार हिब्रू शास्त्राचा आहे आणि तोही पुष्कळदा ग्रीक भाषांतरातून घेतलेला आहे. संस्कृतच्या विभक्ती आणि लकार ज्याने घोकले आहेत त्याला ग्रीकची धास्ती वाटत नाही, हा तिचा मोठा फायदा. हिब्रू त्यानंतर घ्यावी.

दुसऱ्या शंकेबाबत मी खोटा धीर देणार नाही. भारतातील विद्यापीठांत या विषयाची पदे फारच थोडी आहेत. म्हणून तिने इतिहासात एम.ए. करावे, सोबत ग्रीक सुरू करावी आणि इतिहासाची नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) द्यावी. नेटला तौलनिक धर्म अभ्यास हाही विषय आहे, पण हाताशी इतिहास असलेला बरा. परदेशी पीएच.डी.चा विचार दोन वर्षांनी करावा, आणि तोही शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला तरच; त्यासाठी कर्ज काढू नये.

तूर्त तिला पहिला आणि पाचवा अध्याय मराठीत वाचू द्या आणि जुन्या कराराचा जिथे जिथे हवाला येतो तिथे ते मूळ स्थळ काढून शेजारी ठेवू द्या. त्यात दोन महिने रमली, तर पुढचे पत्र आपण न लिहिता तिने लिहावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक