हवाई सर्वेक्षण तज्ज्ञाच्या पार्श्वभूमीत काय पाहावे

हवाई सर्वेक्षणासाठी तज्ज्ञ नेमताना त्याच्या बायोडेटामध्ये उड्डाणांचे तास पाहावेत की पदवी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोहोंच्या आधी त्याने प्रत्यक्ष जमिनीवर किती मोजणी केली आहे, हे पाहावे. ड्रोन उडवण्याचा परवाना जेथे बंधनकारक आहे तेथे तो हवाच. परंतु नकाशावरील अंतरे आणि उंची बरोबर येतील, याची हमी त्यातून मिळत नाही.

उंचीचेच उदाहरण घ्या. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, तर बांधकामात लागणारी उंची साधारणतः समुद्रसपाटीच्या संदर्भात असते, आणि या दोहोंतील फरक काही प्रदेशांत शंभर मीटरच्या आसपास जातो. ज्याने लेव्हल (उंचीतील फरक मोजण्याचे उपकरण) लावून नाल्याचा उतार काढला आहे, तो कोणती उंची हवी हे काम स्वीकारण्यापूर्वीच विचारतो.

पुढचा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे अचूकतेचा अहवाल. छायाचित्रांमध्ये पुढच्या दिशेने 75 ते 80 टक्के ओव्हरलॅप (लागोपाठच्या छायाचित्रांतील सामाईक भाग) ठेवावा, हे आजकाल सॉफ्टवेअरच सुचवते. ते माहीत असण्यात विशेष काही नाही. उमेदवाराकडून जुन्या कामाचा अहवाल मागवा आणि त्यातील चूक कोणत्या बिंदूंवर मोजली आहे ते पाहा. ज्या नियंत्रणबिंदूंवर (जमिनीवर नेमके मोजलेल्या खुणांवर) छायाचित्रांतून तयार केलेले मॉडेल बसवले, त्यांवरच चूक मोजणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखे आहे. त्यासाठी प्रक्रियेत न वापरलेले, स्वतंत्रपणे मोजलेले तपासबिंदू लागतात. अमेरिकेतील फोटोग्रामेट्री (छायाचित्रांवरून मोजमाप) व रिमोट सेन्सिंगच्या व्यावसायिक संस्थेने 2014 च्या मानकात असे किमान 20 बिंदू सांगितले होते. 2023 च्या आवृत्तीत ती संख्या 30 झाली.

पदवी जिओमॅटिक्सची (भूमापन व नकाशांच्या शास्त्राची), स्थापत्य अभियांत्रिकीची किंवा भूगोलाची, कोणतीही चालते. लायडारचा (लेझर किरणांनी अंतर मोजण्याच्या तंत्राचा) अनुभव मात्र वेगळा विचारावा, कारण तेथे शेजारच्या दोन उड्डाणपट्ट्यांतील बिंदू एकमेकांशी जुळवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि केवळ छायाचित्रांवर काम केलेल्या माणसाकडे ते असेलच असे नाही.

नकाशा जमिनीच्या हद्दी ठरवण्यासाठी वापरायचा असेल, तर त्यावर सही करण्याचा कायदेशीर अधिकार अनेक देशांत केवळ परवानाधारक भूमापकालाच असतो; तेव्हा ती सही कोण करणार, हे करारातच नमूद करून घ्यावे.