इंग्रजीतला जेरंड ओळखायचा कसा, आणि ‘टू’ कुठे, ‘आयएनजी’ कुठे?

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमात शिकलात, ‘क्रियापदाला आयएनजी लावलं की जेरंड’ हे पाठ आहे, पण ‘ही इज स्विमिंग’मधलं स्विमिंग जेरंड नाही असं कुणीतरी सांगितलं आणि सगळा गोंधळ झाला. ‘आय एन्जॉय टू स्विम’ का चुकतं, हेही विचारलंय.

मी संध्याकाळच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी शिकवतो, आणि हा प्रश्न दर बॅचला येतोच. मी पहिल्याच दिवशी सांगतो की जेरंड तुम्हाला येतो, फक्त त्याचं इंग्रजी नाव नवीन आहे. ‘पोहणं चांगलं’ म्हणताना ‘पोहणं’ हे नामच असतं. त्याला विभक्तीसुद्धा लागते: पोहण्याने, पोहण्याचा, पोहण्यात. मूळ क्रियापद, पण वागणूक नामाची. हाच जेरंड.

म्हणून आयएनजीवाला शब्द दिसला की तो मराठीत म्हणून बघा. ‘-णं’ किंवा ‘-ण्या’ आलं तर बहुतेक वेळा जेरंड. ‘-तोय’, ‘-ताना’, ‘-णारा’ आलं तर नाही. ‘ही इज स्विमिंग’ म्हणजे तो पोहतोय. ‘आय सॉ हिम स्विमिंग’ म्हणजे त्याला पोहताना पाहिलं. ‘स्विमिंग इज गुड फॉर यू’ म्हणजे पोहणं चांगलं. तिन्हीकडे शब्द तोच, पण जेरंड फक्त शेवटच्या वाक्यात.

रेल्वे फलाटावरच्या नळापाशी हे फार छान दिसतं. वर ‘पिण्याचे पाणी’ आणि ‘ड्रिंकिंग वॉटर’ अशी पाटी असते. ते पाणी काही पीत नाही, ते पिण्यासाठी आहे, म्हणून ड्रिंकिंग हा जेरंड. आता ‘रनिंग वॉटर’ घ्या. इथे पाणी स्वतःच वाहतं, म्हणून ‘वाहतं पाणी’, आणि रनिंग हे विशेषण. वर्गात मी ही जोडी फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. बहुतेकांना फरक आपोआप दिसतो.

तुमचा गोंधळ होण्यात तुमची काही चूक नाही. जुन्या इंग्रजीत नामाचा प्रत्यय ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ होता आणि विशेषणाचा ‘-एंडे’. मध्ययुगात दोन्ही ‘-इंग’मध्ये मिसळले. मराठीने ‘-णं’ आणि ‘-णारा’ वेगळे ठेवले, इंग्रजीने ठेवले नाहीत, एवढंच.

आता ‘एन्जॉय टू स्विम’. आपण ‘मला पोहायला आवडतं’ म्हणतो आणि ‘मला पोहायला जायचंय’ असंही म्हणतो. दोन्हीकडे ‘पोहायला’, म्हणून दोन्हीकडे ‘टू स्विम’ तोंडात येतं. मराठी आपल्याला चकवते ती इथे. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, डिनाय, प्रॅक्टिस, मिस यांच्यानंतर थेट क्रिया आली तर ती आयएनजीचीच. वॉन्ट, डिसाइड, होप, प्रॉमिस, रिफ्यूज, अ‍ॅग्री यांच्यानंतर ‘टू’. एवढा भाग पाठच करावा लागतो, त्याला इलाज नाही. सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक ‘ही सजेस्टेड टू गो’. ‘ही सजेस्टेड गोइंग’ हे दहा वेळा मोठ्याने म्हणा, जीभ वळते.

जिथे दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो, तिथे मात्र मराठीच पुन्हा मदतीला येते. ‘रिमेम्बर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. काम अजून व्हायचंय. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय, काम झालंय. ‘लावायचं’ला टू, ‘लावल्याचं’ला आयएनजी. रिग्रेटचंही तसंच. ‘आय रिग्रेट टेलिंग हिम’ म्हणजे त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय. नकाराच्या पत्रातलं ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवायला वाईट वाटतंय. स्टॉपबद्दल तर विशेष जपा. ‘ही स्टॉप्ड टू टॉक टू मी’ म्हणजे तो माझ्याशी बोलायला थांबला. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग टू मी’ म्हणजे त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. एका जागी आपुलकी, दुसऱ्या जागी अबोला.

शब्दयोगी अव्ययासारखं काम करणाऱ्या बिफोर, आफ्टर, विदाउट, बाय, ॲट, फॉर यांच्या लगेच नंतर क्रिया आली की ती आयएनजीचीच. जाण्यापूर्वी म्हणजे ‘बिफोर गोइंग’, न सांगता म्हणजे ‘विदाउट टेलिंग’. अडचण येते ती ‘टू’ची, कारण तो कधी ‘वॉन्ट टू’सारखा मूळ क्रियापदाआधी येतो, तर कधी या अव्ययांसारखा नामाआधी. एका विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जाच्या शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं होतं. मी तिला ‘टू’नंतर नुसतं ‘दिवाळी’ घालून बघायला सांगितलं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ छान बसलं. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ बसलं नाही. जिथे नाम बसतं तिथे क्रियाही नाम होऊनच येणार, म्हणून ‘टू मीटिंग यू’. हीच कसोटी ‘यूज्ड टू’ला लावा. ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणजे लोकलने प्रवासाची मला सवय आहे. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल’ म्हणजे मी पूर्वी लोकलने प्रवास करायचो.

लाइक, लव्ह, स्टार्ट, कंटिन्यू यांच्यापुढे दोन्ही चालतात आणि अर्थ फारसा हलत नाही. फक्त ‘इट इज स्टार्टिंग’ म्हटल्यावर ‘रेनिंग’ऐवजी ‘टू रेन’ म्हणा, लागोपाठ दोन आयएनजी कानाला खटकतात. बाकी तिथे वेळ घालवू नका.