पंचवीस नंबरचा गाळा

प्रश्न : काका, आमच्या आप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. बिलं आणि पट्ट्या मी बघते. दसऱ्याला आम्ही नेट बदललं. जोडायला आलेल्या मुलाने कॉम्प्युटरवर कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर टाकलं, त्याचे महिना ९९ रुपये बिलात लागतात. तेव्हापासून बिलिंगच्या प्रोग्रॅममधून एकही मेल जात नाही. ब्राउझरमधून तोच मेल सुरळीत जातो. वैतागून मी ते सॉफ्टवेअर काढलं, तरी तेच! हेल्पलाइन म्हणते, "सिक्युरिटीसाठी पोर्ट बंद आहे, स्टॅटिक आयपी घ्या." शिवाय कुपवाडच्या गोडाऊनचे कॅमेरे आप्पांच्या मोबाइलवर दिसायचे थांबलेत. असं बंद करायचा त्यांना हक्क आहे का? आणि ते ९९ रुपये भरत राहू का?
— एक सून, सांगली

उत्तर : सूनबाई, राग सॉफ्टवेअरवर निघाला, पण या खेपेला ते बिचारं निर्दोष आहे.

पोर्ट म्हणजे यार्डातला गाळा नंबर समजा. मेल सर्व्हर, म्हणजे मेल पोचवणारा कॉम्प्युटर, हे एक यार्ड, आणि गाळे ६५,५३५. ब्राउझर ४४३ नंबरच्या गाळ्यावर जातो, म्हणून तिथून मेल गेला. तुमचा बिलिंग प्रोग्रॅम ज्याने कुणी बसवला, त्याने बहुतेक २५ नंबर घालून ठेवलाय. जुन्या कंपनीने त्या वाटेवर कुणाला हटकलं नाही, नवी हटकते. आणि तिचा वॉचमन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलेला नाही, तो तिच्या नेटवर्कच्या फाटकावर आहे. सॉफ्टवेअर काढा, नाहीतर मशीन फॉरमॅट मारा, फाटक जिथल्या तिथे.

२५ वरच डोळा का? एक मेल सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला टपाल देतो ते या पोर्टवर, आणि तिथे लॉगिन लागत नाही. व्हायरस शिरलेलं घरातलं मशीन याच वाटेने रात्रभर हजारो स्पॅम मेल सोडतं, घरच्यांना पत्ताही नसतो. मग त्या कंपनीचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवरचे घर नंबर, काळ्या यादीत जातात आणि शेजारच्या सज्जन माणसाचं साधं कोटेशनही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं. हक्काचं म्हणाल, तर २०१८ साली दूरसंचार खात्याने नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे नेटवरच्या सगळ्या वाहतुकीला सारखंच वागवायचे, नियम मान्य केले, त्यातही नेटवर्कच्या सुरक्षेसाठी वाजवी बंदोबस्ताला जागा ठेवली आहे. तेव्हा पोर्ट अडवला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार हेल्पलाइनबद्दल आहे. फुकटात सुटणाऱ्या अडचणीवर स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा स्वतःचा पत्ता, विकायला निघाले, हे काही बरोबर नाही.

कारण ग्राहकाने लॉगिन करून मेल पाठवायला ५८७ नंबर वेगळा ठेवलेलाच आहे, १९९८ पासून. प्रोग्रॅमच्या ईमेल सेटिंगमध्ये २५ खोडून ५८७ घाला, एन्क्रिप्शनला टीएलएस किंवा स्टार्टटीएलएस निवडा. ते चाललं नाही तर ४६५ आणि एसएसएल. युजरनेम-पासवर्डचे रकाने मोकळे असतील तर भरा. (मेल जीमेलचा असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. यात आमच्या गल्लीतले निम्मे दुकानदार अडकलेत.) तरीही मेल अडला तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाठवून बघा. हॉटस्पॉटवर गेला तर दोष ब्रॉडबँडचा, नाहीतर सेटिंगचा. ही परीक्षा ५८७ वरच घ्या, कारण २५ मोबाइल कंपन्याही अडवतात.

मी पोर्ट अडवणाऱ्यांची बाजू घेतोय असं वाटेल. घेतोच आहे. ऑगस्ट २००३ मध्ये गणपती पेठेत माझा सहा मशीनचा कॅफे होता. विंडोज एक्सपीच्या पडद्यावर चौकोन यायचा, ६० सेकंदांची उलटी गिनती लागायची आणि मशीन बंद. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा व्हायरस, होता, १३५ नंबरच्या पोर्टातून शिरायचा. एका मशीनवर रनमध्ये जाऊन 'शटडाऊन मायनस ए' टाइप करून गिनती थांबवावी, तोवर पलीकडच्या मशीनवर सुरू. गिऱ्हाईक तासाचे पैसे परत मागतंय, आणि मी खुर्च्यांमधून पळतोय! तेव्हा १३५ कुणी वरच्या वर अडवला असता तर मी त्याला पेढे दिले असते. २०१७ साली ४४५ वरून वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला, आणि जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्याने जेएनपीटी या मुंबईजवळच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तेव्हा ४४५ बंद दिसला तर उघडून मागू नका.

आता कॅमेरे. याचा २५ शी काही संबंध नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. अशा वेळी राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरच्याला आत यायची वाट करून दिली, तरी बाहेरून कुणी आत पोचत नाही. स्टॅटिक आयपीने पोचेल, पण मग आप्पांबरोबर सगळं जगही डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या, दारात उभं राहील. २०१६ चं मिराय नावाचं घातक सॉफ्टवेअर असंच कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या कॅमेरा-डीव्हीआरांतून माजलं होतं. त्यापेक्षा डीव्हीआरच्या मेनूत क्यूआर कोड असतो, तो आप्पांच्या मोबाइलमधल्या ॲपने स्कॅन करा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो, पोर्ट उघडावा लागत नाही. पासवर्ड मात्र त्याच बैठकीत बदला.

राहिले ९९ रुपये. सॉफ्टवेअर काढलंत तशी विंडोजची स्वतःची डिफेंडर आणि फायरवॉल बहुधा आपोआप चालू झाली असेल. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरव्या खुणा तपासा. एका दुकानाच्या कॉम्प्युटरला तेवढं पुरे, अपडेट वेळेवर होत असले तर. पण सॉफ्टवेअर काढल्याने बिल थांबत नाही! ती सेवा फोन करून वेगळी बंद करून घ्या, आणि तक्रार नंबर पट्टीबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.