‘ई.टी.’ची अटारी कॅसेट खरंच लाखाला जाते का? मामांकडून आलेल्या जुन्या गेम्सची किंमत कशी ठरवायची?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या मामांनी घर बदलताना त्यांचा अटारी २६०० (टीव्हीला जोडून खेळायचं जुनं गेम-यंत्र) आणि त्याच्या २३ कॅसेट्स तुम्हाला दिल्या. त्यात ‘ई.टी.’, इंडियाना जोन्स, स्टार वॉर्स अशा चित्रपटांवरच्या काही आहेत आणि एकीवर लेबलच नाही. ‘ई.टी.’ची कॅसेट जवळजवळ लाख रुपयांना विकल्याची बातमी तुमच्या वाचनात आली, म्हणून तुमच्याकडच्या कॅसेटचं मोल विचारताय.

बातमी खरी आहे, पण ती कॅसेट वेगळी आणि तुमची वेगळी. तुमची नुसती कॅसेट असेल, तर बहुतेक वेळा तिचे वीस डॉलरही येत नाहीत.

मी बारा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहिलो. शनिवारी सकाळी लोकांच्या अंगणातल्या गराज सेलमधून चित्रपटांवरच्या गेम्स गोळा करायचो, आता पुण्यात त्या सांभाळतो. या प्रकारात नवीन माणूस एकाच गोष्टीला फसतो: चित्रपट मोठा म्हणजे कॅसेट महाग, असं त्याला वाटतं. बहुतेकदा उलटं असतं. मोठ्या चित्रपटाचे हक्क महागात घ्यावे लागत, मग ते पैसे वसूल करायला कॅसेट्सही ढिगाने काढत. त्यामुळे त्या आजही घरोघरी सापडतात.

‘ई.टी.’ हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. चित्रपट १९८२च्या उन्हाळ्यात आला. हक्कांचा सौदा जुलैअखेर झाला आणि अटारीला गेम नाताळात दुकानात हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. एकट्या माणसाने एवढ्या वेळात ८ किलोबाइटमध्ये पूर्ण गेम उभा केला याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्याला ‘जगातला सर्वात वाईट गेम’ म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. पण कॅसेट्स काढल्या चाळीस लाखांच्या आसपास आणि खपल्या पंधरा लाखांच्या घरात. उरलेल्यांपैकी काही, इतर अनेक गेम्सच्या न खपलेल्या मालासोबत, सप्टेंबर १९८३मध्ये ट्रकने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत नेऊन पुरल्या.

२६ एप्रिल २०१४ रोजी तो डेपो खोदला. सुमारे १३०० कॅसेट्स बाहेर काढल्या. चेपलेल्या, मातीने माखलेल्या, कचऱ्याचा वास येणाऱ्या. शहराच्या प्रशासनाने त्यातल्या ८८१ लिलावात विकल्या आणि एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. तुम्ही वाचलेली कॅसेट त्यातलीच: बॉक्ससकट ‘ई.टी.’, १,५३५ डॉलर. तेव्हाच्या दराने ते लाख रुपयांच्या जवळ जातात.

आता नीट बघा. तुमच्याकडची कॅसेट स्वच्छ आहे, बहुधा चालतेसुद्धा. तरी मोल त्या कचऱ्यातल्या कॅसेटला मिळालं, कारण प्रत्येकीसोबत शहराचा क्रमांक असलेला टॅग आणि प्रमाणपत्र होतं. उद्या कुणी मातीत लोळवलेली ‘ई.टी.’ दाखवून ‘अलामोगोर्डोची आहे’ म्हणाला, तर कागद मागा. कागद नसेल तर ती फक्त खराब झालेली कॅसेट आहे.

कागदाचं महत्त्व इथेच संपत नाही. मुलं बॉक्स फाडून कॅसेट खेळायला घेत आणि बॉक्स, माहितीपुस्तिका केरात जात. म्हणून या बाजारात एकाच गेमचे तीन भाव असतात: नुसती कॅसेट, बॉक्स-पुस्तिकेसह पूर्ण, आणि सील न फोडलेली. पहिल्या दोघांत कधी दुपटीचा, कधी पाचपटीचा फरक पडतो. निन्टेंडो ६४ या नंतरच्या गेम-यंत्रावरचा, जेम्स बाँडच्या चित्रपटावरचा ‘गोल्डनआय ००७’ घ्या. १९९७चा गेम, ऐंशी लाखांवर प्रती खपल्या, नुसती कॅसेट कुठेही मिळते. पण पुठ्ठ्याचा मूळ बॉक्स चारही कोपरे शाबूत असलेला मिळणं कठीण, त्यामुळे खरा भाव त्याला आहे. तेव्हा आज पहिलं काम करा: मामांना फोन लावा आणि माळ्यावर बॉक्स, पुस्तिका, दुकानाची पावती, काहीही उरलंय का ते विचारा. इंडियाना जोन्सच्या गेमला तर पुस्तिकेशिवाय खेळताच येत नाही म्हटलं तरी चालेल. तोही वॉरशॉचाच, १९८२चा, आणि त्यात एकटा खेळाडू दोन जॉयस्टिक वापरतो: एकीने चालायचं, दुसरीने पिशवीतली वस्तू निवडायची.

बॉक्स विकत घेणार असाल तर मात्र सावध राहा. मला एका विक्रेत्याने ‘गोल्डनआय’चा बॉक्स मूळचा म्हणून दिला होता. दिसायला सुरेख. घरी येऊन दहापट भिंगाखाली धरला, तेव्हा छापखान्यातल्या छपाईत दिसतात ते सुबक ठिपके नव्हते, घरगुती प्रिंटरसारखी शाई पसरलेली होती. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून भिंग खिशात असतं.

भाव काढताना लोकांनी किती मागितले हे बघू नका, किती मिळाले ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात. तुमच्यासारख्याच अवस्थेतल्या, त्याच देशासाठी काढलेल्या कॅसेटचे शेवटचे आठ-दहा व्यवहार लिहून काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, उरलेल्यांच्या मधला तुमचा भाव. प्राइसचार्टिंग या साइटवर वर सांगितलेले तिन्ही भाव एकत्र दिसतात, अंदाजाला ती पुरते. २०२१मध्ये मारिओची एक सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, तसले आकडे डोक्यातून काढून टाका. उघडलेल्या कॅसेटच्या जगाशी त्यांचा काही संबंध नाही.

विकायचंच ठरवलं तर तिथे, मामांच्या हातून विका. गिऱ्हाईक तिथलं आहे, आणि इथून पाठवण्याच्या खर्चात स्वस्त कॅसेटचा सगळा भाव संपतो.

दुर्मीळ म्हणाल तर ज्या कमी निघाल्या त्या. निन्टेंडोच्या जुन्या एनईएसवरचा ‘द लायन किंग’ १९९५मध्ये, त्या यंत्राचे दिवस भरल्यावर, फक्त युरोपात आला. आपल्याकडे ‘रा.वन’वरचा गेम २०११मध्ये प्लेस्टेशनसाठी निघाला होता. कुणाच्या घरी तो डब्यासकट असेल तर मी कळकळीने सांगेन की रद्दीत देऊ नका, भारतीय चित्रपटांवर असे गेम मोजकेच झाले. आणि लहानपणी आपण खेळलो त्या पिवळ्या ‘९९९९ इन १’ कॅसेट्सना बाजारात भाव नाही, पण मी त्याही ठेवल्या आहेत. आपल्या पिढीचा खेळ तोच होता.

आता तुमची बिनलेबलची कॅसेट. ती बाजूला काढून ठेवा. १९८३मध्ये विझार्ड व्हिडिओ गेम्स या छोट्या कंपनीने अटारीसाठी दोन भयपटांवर गेम काढले. एकात तर खेळाडूच करवत घेतलेला खुनी असतो. अनेक दुकानदारांनी ते मांडायलाच नकार दिला, खप झाला नाही, कंपनीकडचे पैसे संपत आले, आणि त्यातल्या दुसऱ्या, ‘हॅलोवीन’च्या काही कॅसेट्स लेबल न छापता, चिकटपट्टीवर हाताने नाव लिहून बाहेर पडल्या. चाळीस वर्षांत ती पट्टी गळून पडली असण्याची शक्यता आहेच. अर्थात लेबल निघालेली साधी कॅसेट असण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त, आणि हाताने लिहिलेली पट्टी कुणीही चिकटवू शकतो, म्हणून केवळ पट्टी बघून कुणी पैसे मोजू नयेत. पण लावून बघायला काय जातं?

लावण्याआधी एक गोष्ट. मामांचा अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा असणार. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट घातलात तर जळेल. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणा. कॅसेटच्या यंत्रात जाणाऱ्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या कापसाच्या काडीने आणि ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लेबलांना थेंबही लागू देऊ नका. घासायला सँडपेपर अजिबात नको. पावसाळ्यात सगळं बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा; माझ्या दोन पुस्तिका पुण्यातल्या पहिल्याच जुलैत बुरशीने गेल्या.

मग ती बिनलेबलची कॅसेट लावा. घरातून मुलांना वाचवत पळणारी बाई दिसली आणि खुनी पडद्यावर येताच ‘हॅलोवीन’ची धून वाजली, तर ती उघडू नका, बाहेरून पुसू नका, कुणाला विकूही नका. आधी मला कळवा.