वाचकांचे प्रश्न : कोष पातळ का, धागा तुटतो का?

प्रश्न : हौस म्हणून दोनशे रेशीम अळ्या वाढवतोय. चौथी कात टाकेपर्यंत सगळं ठीक होतं, आता रोज दहा-बारा मरतात. पाला सोडून ट्रेच्या कडेने फिरत राहतात, अंग फुगून चकचकतं, आणि नुसता हात लागला तरी कातडी फुटून दुधासारखं पाणी येतं. पाला शिळा होता म्हणून का?

उत्तर : शिळ्या पाल्याने अळी अशी मरत नाही. ही ग्रासरी आहे, विषाणूजन्य रोग. कडेने फिरणे, वळ्यांच्या मध्ये फुगवटा आणि ते दुधी पाणी या तीन खुणा जुळल्या की शंका उरत नाही. फ्लॅचरी या दुसऱ्या रोगात अळी लिबलिबीत होते, पातळ विष्ठा टाकते, मेल्यावर काळी पडून कुजते. मस्करडाइन बुरशीजन्य; त्यात मेलेली अळी खडूसारखी कडक होते आणि दीड-दोन दिवसांत अंगावर पांढरी भुकटी येते.

ते दुधी पाणी म्हणजे विषाणूने गच्च भरलेले प्रथिनांचे कण. ट्रेवर, जमिनीवर, भिंतीच्या भेगेत ते पुढच्या पिकापर्यंत तग धरतात. एक अळी फुटली की तिचे पाणी पाल्यावर पडते, तो पाला शेजारच्या दहा अळ्या खातात, आणि चार-पाच दिवसांनी तुम्हाला ‘अचानक’ मर दिसते. म्हणून आजारी अळी फुटायच्या आधी चिमट्याने उचला आणि चुन्याच्या पाण्यात टाका. अंगणात फेकू नका. त्याच हातांनी नवा पाला घालू नका.

बेडवर, म्हणजे अळ्या आणि पाल्याच्या थरावर, चुन्याची निवळी नव्हे, विरलेल्या चुन्याची कोरडी भुकटी धुरळायची, तीही अळ्या कात टाकायला बसलेल्या असताना, खात असताना नाही. प्रथिनांचे ते कवच अल्कलीत विरघळते. अळीच्या आतड्यातला रस तीव्र अल्कलीयुक्त असतो, म्हणून तर विषाणू तिथे मोकळा होतो. चुना तेच काम अळीच्या पोटाबाहेर करतो, आणि उघडा पडलेला विषाणू फार टिकत नाही.

हे पीक संपल्यावर खोली, रॅक, ट्रे आधी धुऊन मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि ३० ग्रॅम विरलेला चुना या द्रावणाने भिजवा. पावडर बंद पाकिटातली हवी. उघड्या डब्यातल्या पावडरीतला क्लोरिन उडून गेलेला असतो आणि तुम्ही फक्त पांढरे पाणी मारत बसता. फवारताना तोंडाला मास्क लावा, लोखंडी वस्तू नंतर धुऊन घ्या.

प्रश्न : एकाच दिवशी अंड्यांतून निघालेल्या अळ्यांत काही मोठ्या, काही निम्म्या. असं का होतं?

उत्तर : बहुतेक वेळा कात टाकून झाल्यावर पाला घालायची घाई नडते. कातीला बसलेली अळी डोके वर उचलून गप्प राहते, खात नाही. अंग ताणलेले आणि डोके छोटे दिसते. नऊ दशांश अळ्या अशा बसल्या की पाला बंद करायचा, बेड पसरून कोरडा ठेवायचा. कात टाकून उठलेल्या अळीचे डोके एकदम मोठे आणि कातडी सैल, सुरकुतलेली दिसते. पहिल्या उठलेल्यांची दया येऊन लगेच पाला घातला की त्या पुढे निघून जातात आणि अजून बसलेल्या त्याच पाल्याखाली दबतात. जवळजवळ सगळ्या उठेपर्यंत थांबा. काही तास उपाशी राहून निरोगी अळी मरत नाही.

दुसरे कारण पाल्याचे. पहिल्या दोन अवस्थांत (दोन कातींमधला काळ म्हणजे एक अवस्था) शेंड्याकडची कोवळी पाने बारीक चिरून, २६–२८ अंश तापमान आणि ८०–९० टक्के आर्द्रता. पाचव्या अवस्थेत २३–२५ अंश, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत, पाने पक्व आणि पुष्कळ, कारण अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्यातला सुमारे चार पंचमांश याच सहा-आठ दिवसांत जातो. मोठ्या अळीला कोवळा, ओला पाला घालणे म्हणजे फ्लॅचरीला आमंत्रण.

प्रश्न : कोष दिसायला छान, पण धागा काढताना दर मिनिटाला तुटतो. अळीत दोष की आमच्यात?

उत्तर : कोष विणला जात होता त्या दोन-तीन दिवसांची हवा आठवून पाहा. अळीच्या तोंडाखालच्या छिद्रातून फायब्रॉइनचे दोन तंतू बाहेर येतात आणि त्यांवर सेरिसिन या डिंकाचे आवरण असते. डोके आठच्या आकड्यासारखे फिरवत अळी थरावर थर घालते. हवा दमट असली तर डिंक वेळेत वाळत नाही, वरचा थर खालच्याला घट्ट चिकटतो, आणि उकलताना तंतू सुटण्याऐवजी तुटतो. विणण्याआधी अळी शरीरातले उरलेले पाणी बाहेर टाकते, त्यामुळे गच्च भरलेल्या चंद्रिकेत, म्हणजे अळ्या कोष विणायला सोडतात त्या चौकटीत, आर्द्रता आपोआप वाढते. म्हणून एका चौरस फुटाला ४०–५० अळ्यांपेक्षा जास्त सोडू नका, चंद्रिका वाहत्या हवेत पण झोतात नाही अशी ठेवा, खाली कागद अंथरून तो पहिल्या रात्रीनंतर बदला. गर्दीत दोन अळ्या मिळून एकच कोष विणतात. त्याचा धागा सरळ निघत नाही.

चंद्रिकेवर कधी सोडायचे? अळी खाणे थांबवते, अंग आखडते, छातीकडून पारदर्शक, मधासारखे दिसू लागते आणि ती डोके वर करून आधार शोधते. त्याआधी सोडली तर ती भटकत राहते. उशीर झाला तर रेशीम पाल्यातच वाया जाते आणि कोष पातळ होतो.

काढणीची घाईही नको. कोष हळूच हलवा. आतली कोशित, म्हणजे अळीचे पतंग होण्याआधीचे रूप, खडखड वाजली पाहिजे. एखादा कोष कापून पाहिला तर ती तपकिरी, कडक दिसली पाहिजे. पिवळट आणि मऊ असताना ती फुटते व कोषाला आतून डाग पडतो.

प्रश्न : पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोषातून अखंड धागा निघेल का?

उत्तर : पतंग धागा कापतो असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धे खरे. तो एका विकराने (एन्झाइमने) डिंक विरघळवतो आणि तंतू बाजूला सारून बाहेर येतो. तरीही तोंडाशी गुंता होतो, काही तंतू तुटतात, आणि गरम पाण्यात असा कोष पाणी भरून बुडतो. त्यामुळे धागा उकलत नाही. कोष उकळून, पिंजून, कापसासारखा कातावा लागतो. सूत उबदार होते, पण ती सलग चमक येत नाही.

अखंड धागा हवा असेल तर विणायला लागल्यापासून साधारण दोन आठवड्यांत पतंग निघायच्या आत कोष वाफवावे लागतात. २०–२५ मिनिटे वाफ, मग सावलीत पातळ थराने वाळवणे. वजन मूळच्या सुमारे ४० टक्क्यांवर आले की पुरे वाळले समजा. ओलसर राहिले तर आत बुरशी येते.

प्रश्न : थोड्या कोषांचा धागा घरी कसा काढायचा? आणि एका साडीला कोष किती लागतात?

उत्तर : वरची भुरभुरीत जाळी ओढून टाका. कोष ९५ अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे, मग ६५ अंशांच्या पाण्यात. या बदलाने आत पाणी शिरते आणि कोष सारखा मऊ होतो. ताठ ब्रशने वरून हलके चाळवा. आधी गुंता येईल, तो ओढत राहा, प्रत्येक कोषातून एकेरी तंतू येईपर्यंत. आठ-दहा तंतू एकत्र करून बारीक छिद्रातून घ्या आणि रिळावर गुंडाळा. भांड्यातले पाणी आता ४०–४५ अंश पुरे. ओल्या डिंकाने ते आपोआप एकजीव होतात. तंतू आतल्या टोकाकडे बारीक होत जातो, म्हणून सगळे कोष एकदम संपू देऊ नका. एक संपत आला की नवा जोडा. रिळावर धागा वाळून चिकटायच्या आत दुसऱ्यावर उलटून घ्या.

हिशेब असा. एका कोषात एक हजार मीटर तंतू, जाडी २.७ डेनियर, डेनियर म्हणजे ९,००० मीटरचे ग्रॅममधले वजन. म्हणजे एका कोषातून ०.३ ग्रॅम. साडी अर्ध्या किलोची धरली तर डिंक जाण्यापूर्वीचे रेशीम (डिंकाबरोबर चतुर्थांश वजन जाते) साधारण ६६० ग्रॅम, म्हणजे २,२०० कोष. वाया जाणारे धरून अडीच हजार म्हणा.

प्रश्न : डिंक काढायला साबणात उकळल्यावर धागा मऊ झाला, पण ठिकठिकाणी पांढरट आणि चिकट.

उत्तर : पाणी जड असावे, किंवा तुम्ही लगेच थंड पाण्यात खळबळले. जड पाण्यात साबणाचा चोथा बसतो आणि थंड पाण्यात सुटलेला डिंक परत चिकटतो. १०० ग्रॅम धाग्याला ३ लिटर मृदू पाणी, २५ ग्रॅम साधा साबण, ९०–९५ अंशांवर पाऊण ते एक तास, खळखळ उकळी नको. लडी सैल बांधा. नंतर खळबळायचे पहिले पाणी गरमच. वाळल्यावर वजन चतुर्थांश घटले असेल तर डिंक गेला.

प्रश्न : खरे रेशीम घरी कसे ओळखायचे?

उत्तर : दोन धागे जाळा. केस जळल्याचा वास, ज्योतीबाहेर विझणे, बोटात चुरा होणारी काळी राख : रेशीम. कडक मणी राहिला तर पॉलिएस्टर. कागदासारखे भडकले तर व्हिस्कोज. लोकरही रेशमासारखीच जळते, एवढे लक्षात ठेवा. क्लोरिनच्या ब्लीचमध्ये रेशमाचा धागा काही वेळात विरघळून जातो, म्हणून डाग घालवायला ते रेशमावर कधीही वापरू नका.