अमेरिकेतील वायूसाठा वाढला, तरीही नॅचरल गॅसचा भाव का चढला?

आपला प्रश्न असा आहे की गुरुवारी रात्री अमेरिकेचा वायूसाठा वाढल्याचा आकडा जाहीर झाला, आणि तरीही एमसीएक्स या भारतातील वस्तूबाजारावरील नॅचरल गॅसचा भाव पडण्याऐवजी चढला. याचे थोडक्यात उत्तर असे की एप्रिल ते ऑक्टोबर या काळात साठा वाढणारच, हे बाजाराने आधीच धरलेले असते. भाव हलतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतील फरकामुळे. समजा, जाणकारांना १०० अब्ज घनफुटांची वाढ अपेक्षित होती आणि प्रत्यक्षात ती ८० झाली, तर साठा वाढूनही ती बातमी टंचाईकडे झुकणारीच ठरते.

एमसीएक्सचा हा वायदा, म्हणजे पुढील तारखेच्या व्यवहाराचा आज ठरणारा सौदा, न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारातील हेन्री हबच्या (लुइझियानातील वायूवाहिन्यांचे केंद्र, ज्याचा भाव अमेरिकेत प्रमाण मानतात) भावाला बांधलेला असल्यामुळे येथे आपल्याकडील हवामानाचा संबंध नाही. पाहायची ती शिकागो किंवा बोस्टनची थंडी. तेथे दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितके खाली जाईल, तितके त्या दिवसाचे ‘हीटिंग डिग्री डे’ मोजले जातात आणि त्यावरून घरे तापवण्यासाठी लागणाऱ्या वायूचा अंदाज बांधला जातो. कडाक्याच्या थंडीत भाव दुप्पट झाला म्हणून कोणी घरातील भट्टी बंद करत नाही आणि विहिरींचे उत्पादनही आठवड्याभरात वाढवता येत नाही, त्यामुळे मधली तूट जुन्या रिकाम्या वायूक्षेत्रांत आणि मिठाच्या गुहांत साठवलेल्या वायूनेच मुख्यतः भरून काढावी लागते.

म्हणूनच सारख्याच थंडीचा परिणाम दर वर्षी सारखा होत नाही. २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर साठा २००५ नंतरच्या नीचांकी पातळीवर होता. त्यात थंडी लवकर आली आणि १४ नोव्हेंबरला वायदा एका दिवसात सुमारे १८ टक्क्यांनी उसळून दर एमएमबीटीयूला (वायूतील उष्णता मोजण्याचे एकक; येथील सर्व डॉलरचे भाव याच मापाचे) ४.८ डॉलरच्या वर गेला. पुढे हवा सौम्य झाली आणि जानेवारी संपता संपता तोच भाव ३ डॉलरच्या खाली आला. याउलट जानेवारी २०२४ मध्ये एका थंड आठवड्यात साठ्यातून ३०० अब्ज घनफुटांहून अधिक वायू उपसला गेला, तरी बाकीचा हिवाळा उबदार गेल्यामुळे मार्चअखेर साठा पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त राहिला आणि त्या महिन्यात हेन्री हबचा सरासरी भाव दीड डॉलरच्या आसपास होता. नुसता उपशाचा आकडा पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे, असे मला वाटते.

थंडी केवळ मागणी वाढवते असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये विहिरींची तोंडेच गोठली, पुरवठा आटला आणि हेन्री हबचा हजर भाव (तत्काळ मिळणाऱ्या वायूचा भाव) १७ तारखेला २३.८६ डॉलरपर्यंत गेला. त्याच वेळी मार्चमध्ये मिळणाऱ्या वायूचा वायदा मात्र सव्वातीन डॉलरच्या आसपासच होता, कारण हिवाळा सरत आल्याचे आणि ही टंचाई टिकणार नसल्याचे बाजार धरून चालला होता. बातम्यांत झळकणारा भाव आणि आपल्या सौद्याचा भाव यांत इतके अंतर पडू शकते.

प्रत्यक्ष व्यवहारात मी साठ्याच्या एकूण आकड्यापेक्षा पाच वर्षांच्या सरासरीशी असलेली त्याची तफावत पाहतो आणि ती वाढते आहे की आटते आहे, हे तपासतो. साठ्याचा अहवाल सरलेल्या आठवड्याचे हवामान सांगतो, तर भाव पुढील दोन आठवड्यांच्या अंदाजावर धावतो. ते अंदाज शनिवार-रविवारीही बदलत राहतात, पण बाजार तेव्हा बंद असतो. सोमवारी सकाळी भाव कित्येकदा मोठ्या फरकाने उघडतो तो यामुळेच, आणि अशा वेळी स्टॉप लॉस (तोटा मर्यादित ठेवण्यासाठी ठरावीक भावाला सौदा बंद करण्याची आगाऊ सूचना) लावलेला असला तरी सौदा ठरवलेल्या भावाला सुटेलच, याची खात्री नसते.